आवड विषयाची, की विषयातल्या एखाद्या गोष्टीची?

वाचकांचे प्रश्न : पदवीचा विषय निवडताना

बारावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दरवर्षी जवळजवळ एकच असतो. शाळेत जो विषय आवडत होता, तोच पदवीला घ्यावा का, असे मुले विचारतात आणि त्यांना त्यापासून परावृत्त कसे करावे, असे पालक विचारतात. या वेळी चार पत्रे निवडली आहेत. ती थोडी आटोपशीर केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत. मी स्वतः कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. त्या विषयाच्या बाबतीत माझे माप थोडे झुकते असते, तेव्हा उत्तरे वाचताना वाचकांनी तेवढी वजावट करून घ्यावी.

प्रश्न : आदरणीय बाई, सादर नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात राहतो. २०१९ चा महापूर आला तेव्हा मी सहावीत होतो आणि आम्हाला घर सोडून छावणीत राहावे लागले होते. तेव्हापासून दर पावसाळ्यात रोज संध्याकाळी घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या, हे मी वहीत लिहून ठेवतो आणि शेजारी त्या दिवशीची पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी लिहितो. दहावीला भूगोलात ४० पैकी ३८ गुण होते. बारावी विज्ञान शाखेतून दिली आहे. गणित जमते, पण त्याची फार ओढ नाही. मला भूगोल घेऊन बी. एस्सी. करायचे आहे. वडील म्हणतात, ‘भूगोल घेऊन मास्तरकी तरी मिळणार आहे का? त्यापेक्षा सिव्हिल कर.’ मामा बांधकामाची कामे घेतात, त्यामुळे घरात सगळ्यांचे मत तेच आहे. मी काय करावे?

उत्तर : तुझे ४० पैकी ३८ गुण मी बाजूला ठेवते आणि तुझी वही जवळ घेते. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. पुस्तक चांगले आहे, पण त्यात मिळालेल्या गुणांवरून तू ते पुस्तक नीट वाचलेस आणि उत्तरपत्रिका नीट लिहिलीस, एवढेच कळते. वहीचे तसे नाही. ती लिहायला तुला कोणी सांगितले नव्हते आणि तिला कोणी गुण देणार नव्हते. तरीही इतके पावसाळे तू ती लिहीत राहिलास. शाळेतली आवड पदवीला टिकेल की नाही, हे पाहण्यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारत आले, की परीक्षा नसताना तुम्ही त्या विषयातले काय करता? बहुतेकांना उत्तर सुचत नसे. तुझ्याकडे ते लेखी आहे.

आता त्या वहीत नेमके काय आहे, ते पाहू. त्यात देशांची नावे नाहीत, राजधान्या नाहीत, पिकांचे पट्टे नाहीत. त्यात मोजणी आहे, आणि दोन ठिकाणच्या मोजण्या शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. बंधाऱ्याची पातळी शेजारी लिहावी असे तुला वाटले, हे मला पायऱ्या मोजण्यापेक्षाही महत्त्वाचे वाटते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा कोल्हापूरजवळून जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे आपल्याकडे पावसाळ्यात लहान मुलांनाही पाठ असतात. मात्र तुमच्या बाजूच्या घाटाच्या पायऱ्या केवळ पंचगंगेच्या हिशेबाने बुडत नाहीत. सांगलीकडून येणाऱ्या कृष्णेचे पाणी आणि पुढे पाणी किती वेगाने सरकते आहे, हे दोन्ही त्यात येते. म्हणूनच बंधाऱ्याचे पाणी उतरायला लागल्यावरही तुमच्याकडे पायऱ्या उघड्या पडत नाहीत, असे दिवस तुझ्या वहीत नक्की असतील. तुझे दोन रकाने जिथे जुळत नाहीत, तिथून पदवीचा अभ्यास सुरू होतो.

मात्र तो कोणत्या पदवीचा, हा प्रश्न उरतोच, कारण एकाच पुराकडे वेगवेगळे विषय वेगवेगळ्या नजरेने पाहतात. आपल्याकडे पाणी चढले की अलमट्टीचा वाद निघतोच, तेव्हा तेच उदाहरण घेऊ. कर्नाटकातल्या त्या धरणाची पाणीसाठ्याची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० मध्ये मान्यता दिली आणि त्याला महाराष्ट्राचा विरोध आहे, कारण साठा वाढला की पाणी मागे तुंबून आपल्याकडचा पूर वाढेल, असे त्याचे म्हणणे आहे. यात राज्यशास्त्राचा किंवा कायद्याचा विद्यार्थी पाहील ते लवादाचे अधिकार, दोन राज्यांचे दावे आणि निवाड्यातली भाषा. सिव्हिलचा विद्यार्थी क्युसेकमध्ये विसर्ग मागेल, नदीपात्राचे छेद मागेल, आणि मधल्या पुलांच्या भरावांनी पाणी किती तुंबते याचे गणित मांडेल. भूगोलाचा विद्यार्थी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे पसरून समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांवरून उतार किती कमी आहे ते पाहील, जुन्या आणि नव्या उपग्रह प्रतिमा शेजारी ठेवून पूरमैदानात घरे आणि रस्ते कुठपर्यंत सरकले ते रेखाटेल आणि मग प्रत्यक्ष गावात येऊन लोकांना पाणी कुठपर्यंत आले होते, हे विचारेल. हवामानशास्त्राकडे जाणाऱ्याला मुळात इतका पाऊस त्या आठवड्यात का पडला, हेच हवे असेल. त्याची वाट पदार्थविज्ञान आणि गणितातून जाते, आणि भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था तर आपल्याजवळ पुण्यातच आहे.

राहिले माझे संख्याशास्त्र. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग तू ऐकला असशील. लोकांना वाटते, एकदा येऊन गेला की आता नातवंडांच्या वेळेला येईल. त्याचा खरा अर्थ असा, की तेवढा पूर येण्याची शक्यता दरवर्षी एक टक्का असते, आणि गेल्या वर्षी आला म्हणून ती कमी होत नाही. याच हिशेबाने तीस वर्षांच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. २०१९ नंतर दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा महापूर आला तेव्हा ज्यांना हे ठाऊक होते त्यांना दुःख झाले, पण नवल वाटले नाही.

हे सगळे वाचताना तुझे मन कोणत्या वाक्याशी थांबले, ते आठवून पाहा. ‘भूगोल आवडतो’ हे तुझे विधान अपुरे आहे, एवढेच मला दाखवायचे होते. शाळेतल्या विषयाचे आणि पदवीच्या विषयाचे नाव एक असले, तरी रोजचे काम वेगळे असते. पदवीच्या भूगोलात प्रात्यक्षिकांना बराच वेळ जातो. सर्वेक्षणाची उपकरणे हाताळावी लागतात, नकाशांवरून छेद काढावे लागतात, सरासरी आणि सहसंबंध काढावे लागतात, आणि पुढच्या वर्षांत दूरसंवेदन व भौगोलिक माहिती प्रणालीसाठी संगणकासमोर तासन्‌तास बसावे लागते. गणिताची ओढ नसली तरी चालेल, पण गणित टाळण्यासाठी भूगोल घेणाऱ्यांची दुसऱ्या वर्षी निराशा होते.

सिव्हिलचेही तसेच आहे. तुझ्या घरच्यांना सिव्हिल म्हणजे बांधकाम आणि तुला कदाचित सिव्हिल म्हणजे धरण वाटत असेल. अभ्यासक्रम उघडून पाहिलास, तर काँक्रीट, पोलादी बांधकाम, मृदा यामिकी, रस्ते, अंदाजपत्रके यांतच चार वर्षांचा मोठा भाग जातो. द्रवयामिकी, जलशास्त्र, पाटबंधारे हे पाण्याचे विषय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. जो केवळ त्या थोड्या विषयांसाठी जातो, त्याला बाकीचे विषय सोसावे लागतात. काहींना ते सोसतात आणि पुढे जलसंपत्ती अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते मनासारखे काम करतात. १९१६ मध्ये सुरू झालेल्या, खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी नद्यांच्या आणि धरणांच्या प्रतिकृती करून प्रवाहाचा अभ्यास चालतो. तुझी वही वाचताना मला त्या जागेची आठवण झाली.

वडिलांच्या शंकेला उडवून लावू नकोस, कारण ती निराधार नाही. नुसत्या बी. एस्सी. भूगोलावर लगेच नोकरी मिळेल, असे मी तुला सांगणार नाही. महाविद्यालयात शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी, त्यावर सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा, आणि त्यानंतरही जागा निघण्याची वाट पाहणे आले. नकाशा आणि उपग्रह प्रतिमांचे काम येत असेल तर सर्वेक्षण, नगररचना, पाणलोट विकास, पीकविमा अशा ठिकाणी मागणी असते, पण त्यासाठी पदवीबरोबरच ते कौशल्य हाती असावे लागते. म्हणजे भूगोलाची वाट किमान पाच वर्षांची समजावी. सिव्हिलची चार वर्षांची आहे. घरची परिस्थिती त्या एका वर्षाचा आणि त्यानंतरच्या अनिश्चिततेचा भार घेऊ शकते का, हे तुम्ही दोघांनी वही-पेन घेऊन बसून ठरवावे. उसाचे बिल कधी येते, हे वडिलांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

निकालापर्यंतच्या दिवसांत तू दोन गोष्टी करून पाहाव्यास असे मला वाटते. मामांच्या कामावर आठ दिवस जाऊन बस. पाहुणा म्हणून नको, मोजमापे लिहून घेणारा मुलगा म्हणून. आणि तुझ्या वहीतला एक पावसाळा आलेख कागदावर उतरव. आडव्या अक्षावर दिवस, एका रेषेने पायऱ्या, दुसऱ्या रेषेने बंधाऱ्याची पातळी. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कोणत्या दिवशी उघडले, याच्या जुन्या बातम्या मिळतील; त्या तारखांवर खुणा कर. दोन रेषांच्या शिखरांमध्ये किती दिवसांचे अंतर पडते आणि ते दरवेळी सारखे का नसते, हे काढण्यात रात्र कशी गेली ते कळले नाही, तर सिव्हिल आणि पुढे जलशास्त्र, किंवा थेट संख्याशास्त्र, यांचा विचार गंभीरपणे कर. पण आलेख अर्धवट टाकून तू गावात निघालास, कोणाच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण आहे, कोणाच्या भिंतीवर २०१९ ची आहे हे विचारत फिरलास, आणि त्यांचा नकाशा करावासा वाटला, तर तू भूगोलाचाच आहेस. मग दुसरा विषय म्हणून संख्याशास्त्र मिळते का ते पाहा आणि मिळत असेल तर सोडू नकोस.

अभियांत्रिकीकडून भूगोलाकडे नंतर येता येते, उलट दिशेने जाता येत नाही, म्हणून आधी सिव्हिलच घ्यावे, असा सल्ला तुला पुष्कळजण देतील. त्यातले पहिले विधान खरे आहे. तरीही दार उघडे राहावे एवढ्यासाठी चार वर्षे नको त्या खोलीत बसणे मला पटत नाही. सामाईक प्रवेश परीक्षा मात्र मनापासून दे, कारण हाती गुण असले की निवड करता येते आणि नसले की ती आपोआप होते. केवळ पत्रावरून कौल द्यायचा तर माझा कौल भूगोलाला आहे.

प्रश्न : आमची मुलगी बारावी विज्ञानाची परीक्षा देऊन घरी आहे. आठवीत तिला चित्रकलेचे वेड होते, दहावीत जर्मन शिकायचे होते, अकरावीत डॉक्टर व्हायचे होते आणि आता मानसशास्त्र घ्यायचे म्हणते. कारण विचारले तर म्हणते, ‘मैत्रिणी मला मनातले सांगतात आणि माझ्याशी बोलून त्यांना बरे वाटते.’ दर वर्षाला आवड बदलणाऱ्या मुलीच्या बोलण्यावर भरवसा कसा ठेवावा? (एक आई, राजारामपुरी)

उत्तर : मैत्रिणींचे शांतपणे ऐकून घेता येणे हा तुमच्या मुलीचा गुण आहे आणि तो दुर्मिळ आहे. पण तो एखाद्या विषयाची आवड आहे, असे म्हणता येणार नाही. हाच गुण परिचारिकेला लागतो, वकिलाला लागतो, वर्गशिक्षिकेला लागतो, आणि डॉक्टरला असावा अशी आपली अपेक्षा असते. केवळ त्याच्या जोरावर मानसशास्त्राला गेलेल्या मुलींचा पहिल्या सहा महिन्यांत गोंधळ उडालेला मी पाहिला आहे. त्यांना लोकांची दुःखे समजून घ्यायची असतात, आणि समोर येते ते संवेदन, अवधान, अध्ययन, स्मृती, मज्जासंस्था. प्रयोग करावे लागतात, त्यांचे अहवाल लिहावे लागतात, प्रमाण विचलन काढावे लागते. संख्याशास्त्राच्या तासाला ‘हे आम्हाला कशाला?’ असे विचारणाऱ्यांत मानसशास्त्राचे विद्यार्थी नेहमी पुढे असत.

दुसरी गोष्ट, पदवी झाली की समुपदेशनाची खोली उघडता येते, हा समज घरात असेल तर तो आताच दूर करावा. समुपदेशनाच्या कामासाठी पदव्युत्तर शिक्षण हवेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे असेल तर मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षणक्रम आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी लागते. मानसोपचारतज्ज्ञ हा पुन्हा वेगळा. तो आधी एम. बी. बी. एस. होतो आणि मग त्या शाखेत एम. डी. करतो. औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो, मानसशास्त्रज्ञाला नसतो. मुलीला या दोघांतला फरक माहीत आहे का, हे सहज बोलता बोलता विचारून पाहा. माहीत नसेल तर तिने अजून विषय पाहिलेला नाही, फक्त त्याचे नाव ऐकले आहे.

बदलत्या आवडीविषयी मात्र मी तुमच्याइतकी चिंता करणार नाही. सतराव्या वर्षापर्यंत एकच आवड टिकलेली मुले कमी असतात आणि त्यांतल्या काहींनी दुसरे काही पाहिलेलेच नसते. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ मध्ये बी. ए. केले, १९२८ मध्ये मुंबई विद्यापीठातून समाजशास्त्रात एम. ए. केले आणि नंतर बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विषयांची नावे तीन झाली, पण शोध माणसाचाच होता. तुमच्या मुलीच्या चार आवडींत असा एखादा धागा आहे का, ते शोधावे. मला एक शंका आहे. प्रत्येक आवडीच्या वर्षी तिला तो विषय शिकवणारे कोण होते, हे एकदा विचारा. मला स्वतःला शाळेत संस्कृत जीव लावून आवडत होते. पुढे महाविद्यालयात शिकवणारे बदलले आणि दोन महिन्यांत ती आवड कुठे गेली, ते मला कळलेही नाही. आवडत होत्या त्या आमच्या बाई. सुभाषिते त्यांच्या आवाजात चांगली वाटत होती.

तेव्हा मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे क्रमिक पुस्तक कोणाकडून तरी आणा आणि त्यातले स्मृतीवरचे प्रकरण तिला कोणाच्याही मदतीशिवाय वाचू द्या. मोबाइलवर येणारे मनःस्वास्थ्याचे व्हिडिओ हा त्याला पर्याय नाही. प्रकरण संपवून ती जेवताना त्याविषयी बोलली, तर तिला खुशाल पाठवा. कंटाळली आणि तरीही माणसांसोबतच काम करायचे म्हणाली, तर वाचा-श्रवण उपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी या शाखांची चौकशी करा. जीवशास्त्राचा तिचा अभ्यास तिथे वाया जात नाही.

प्रश्न : मी गडहिंग्लजचा. बारावी वाणिज्य शाखेतून दिली. मला इतिहासाची खूप आवड आहे, दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला जातो. वाणिज्य घेतल्यामुळे इतिहासाची दारे बंद झाली का?

उत्तर : बंद झालेली नाहीत. वाणिज्य शाखेतून बी. ए. ला प्रवेश घेता येतो. विज्ञानाच्या बाबतीत तसे नसते, कारण अकरावी-बारावीत न घेतलेले गणित किंवा भौतिकशास्त्र पुढे आडवे येते.

पण मला तुझ्या पायांविषयी विचारायचे आहे. त्या वाटेवर तुला काय आवडते? जुलैचा पाऊस, चिखल, सोबत आणि बाजीप्रभूंच्या आठवणीने भरून येणारा ऊर, हे असेल तर ती आवड जन्मभर जपावी. त्यासाठी पदवीची गरज नाही. इतिहासाच्या अभ्यासकाचे बहुतेक आयुष्य बसून जाते. कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर संस्थानच्या दफ्तरातले कागद आहेत. ते वाचायचे तर मोडी यायला हवी, आणि मोडीच्या एका पानाशी सुरुवातीला पूर्ण दिवस झुंजावे लागते. या सुट्टीत मोडी शिकायला घे. महिन्याभराने एखादी ओळ आपली आपण लागल्यावर पन्हाळ्याच्या बुरुजावर होतो तेवढा आनंद झाला, तर इतिहास घे.

त्यात तुझे वाणिज्य कामाला येईल, हे तुला कोणी सांगितले नसेल. जुन्या दफ्तरांत लढायांच्या हकिगतींपेक्षा जमाखर्च कितीतरी जास्त सापडतो. किल्ल्यावर धान्य किती आले, दारूगोळ्याला किती लागले, कोणाचा पगार किती महिने थकला होता, हे कीर्द-खतावणी समजणाऱ्याला लवकर उमगते. आर्थिक इतिहासाकडे वळणारे विद्यार्थी थोडे असतात. किल्लेच हवे असतील तर पुरातत्त्व आणि वास्तूंचे जतन या दिशेने विचार कर. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत पन्हाळा आहे, आणि वारसा म्हणून मिळालेली जागा सांभाळायला जाणकार माणसे लागतात. पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मिळते.

प्रश्न : मी बी. एस्सी. च्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकते. शाळेत निबंधाला नेहमी बक्षीस मिळायचे, आता वाटते मराठीच घ्यायला हवे होते. अर्ध्यावर सोडून बी. ए. करू का?

उत्तर : नव्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय केली आहे, आणि मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. सोय आहे म्हणून वापरलीच पाहिजे असे नाही. रसायनशास्त्र तुला नकोसे झाले आहे, की प्रयोगशाळेतला एखादा विषय अडला आहे, हे तुझ्या पत्रात नाही. दुसऱ्या वर्षी कार्बनी रसायन अंगावर येते आणि तेव्हा शाळेतली बक्षिसे फार आठवतात. तसे असेल तर थांब, अडलेला विषय सोडवून घे आणि मग ठरव.

शिवाय मराठीच्या पदवीत निबंध लिहीत बसत नाहीत. तिथे भाषाविज्ञान, काव्यशास्त्र, वाङ्मयाचा इतिहास आणि समीक्षा शिकावी लागते. तुला लिहिणे आवडते की लिहिलेल्याचा अभ्यास करणे आवडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिहिणे आवडत असेल तर रसायनशास्त्र सोडायची गरजच नाही. १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर बनारस आणि केंब्रिजमध्ये शिकले, आयुष्यभर खगोलभौतिकीत राहिले, आणि त्यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. समीक्षेचीच ओढ असेल, तर तिसरे वर्ष पूर्ण करून एम. ए. च्या प्रवेशाचे नियम विद्यापीठात विचार. दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांना काही अटी असतात, त्या आधीच पाहून ठेवाव्यात.

तोपर्यंत एक काम करून पाहा. या सत्रात तू प्रयोगशाळेत केलेला कोणताही एक प्रयोग, विज्ञान न शिकलेल्या तुझ्या आजीला समजेल अशा मराठीत, दोन पानांत लिही. सोपे वाटेल, पण तसे नाही. लिहून झाले की या सदराच्या पत्त्यावर पाठव, मी वाचेन.